नुरा

नुरा हा शब्द गुंजवणीच्या खोऱ्यात मी आणला, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. शब्द आधीपासूनच होता. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात जो बसतो त्याला तो ठाऊकच असतो. कोणी कोणाला पाडायचं नाही असं दोन पैलवानांनी आधीच ठरवून घ्यायचं, मग लोकांसमोर अर्धा तास एकमेकांच्या माना दाबत गोल फिरायचं, आणि पंचांनी कुस्ती सोडवली की इनाम वाटून घ्यायचं. याला नुरा कुस्ती म्हणतात. मी फक्त तो शब्द एका माणसाच्या अंगाला चिकटवला. तो माणूस मला सख्ख्या भावाहून जवळचा होता. शब्द बावीस वर्षं निघाला नाही.

मी गुरांचा व्यापारी. आज कापूरहोळला पेंडीचं दुकान आहे, दोन पिकअप आहेत, पण सुरुवात एका भाकड म्हशीपासून झाली. आमची भाताची खाचरं धरणाच्या पाण्यात गेली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. धंदा मला कोणी शिकवला नाही. जिथे फसलो तिथे शिकलो. स्वभावाने तापट आहे. लोक दुकानात यायच्या आधी माझ्या बायकोला फोन करून विचारतात, ‘वहिनी, आज शेठ कसे हायेत?’

आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलायची पद्धत नव्हती. जुने लोक अजून नाही बोलत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. ज्याला भाव मान्य होतो तो समोरच्याच्या हाताच्या पाठीवर अंगठा दाबतो. अंगठा दाबला की सौदा पटला, मग मागे फिरणं नाही. मी एकेका बाजारात वीस-वीस हात धरलेले आहेत. माणसाचं तोंड खोटं बोलेल, हात बोलत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचो.

ज्याला मी तो शब्द चिकटवला तो पैलवान पालीच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातला. राजगडाच्या उतारावर त्याच्या घरची शेरडं चरायची. शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो. सातवीनंतर त्याला वस्तादांनी तालमीत नेलं आणि मी गुराखीच राहिलो. पण तो पहिल्यांदा जत्रेच्या फडात उतरला त्या दिवसापासून मी त्याचा माणूस झालो. वेल्ह्यापासून भोरपर्यंत ज्या गावात त्याची कुस्ती लागायची त्या गावात मी हजर. एसटी मिळाली तर एसटीने, नाहीतर बकऱ्यांच्या टेम्पोत बकऱ्यांबरोबर. माझ्या दोन शेळ्यांचं दूध वर्षभर त्याच्या नावाने तालमीत जात होतं. तो लांग कसून मातीत उतरला की त्याचे कपडे, घड्याळ आणि गळ्यातला ताईत माझ्या मांडीवर असायचा. हे काम मला कोणी दिलं नव्हतं. पहिल्याच जत्रेत त्याने सदरा काढून इकडेतिकडे पाहिलं, आणि मी हात पुढे केला.

तो कसा लढायचा ते मला सांगता येणार नाही. डावांची नावं मला पाठ आहेत, पण नावं सांगून काय होतं? समोरच्याला चितपट केल्यावर तो आधी त्याला हाताला धरून उठवायचा आणि त्याच्या पाठीची माती स्वतःच्या तळव्याने झाडायचा. मग पंचांकडे जायचा. हलगीवाले वाजवत असायचे, लोक फेटे उडवत असायचे, आणि हा आपला हरलेल्याची पाठ झाडतोय. मी ते पाहायला जायचो, असं आता वाटतं. तो जिंकला की पुढचा आठवडाभर माझी बाजारातली चाल बदलायची. समोरचा म्हणायचा, ‘काय रं, तू पाडलं का त्येला?’ मी म्हणायचो, ‘आमीच पाडलं.’

बावीस वर्षांपूर्वीची जत्रा आमच्याच गावची होती. शेवटची, मानाची कुस्ती त्याची होती, शहरातल्या एका नावाजलेल्या तालमीच्या पैलवानाशी. मी पहिल्या रांगेत, फडाच्या दोरीला गुडघे लावून बसलो होतो. मांडीवर त्याचे कपडे. दोघांनी माती उचलली, एकमेकांच्या अंगावर टाकली आणि सलामीला हात मिळवले. समोरच्याने हात जरा जोरातच धरला. आणि मी पाहिलं. आमच्या पैलवानाचा अंगठा त्याच्या हाताच्या पाठीवर दाबला गेला. एकदा आणि लगेच दुसऱ्यांदा.

तो अंगठा मी आयुष्यभर वाचत आलो होतो.

कुस्ती लागली. पहिली पाच मिनिटं मी स्वतःची समजूत घालत होतो. पण आमचा पैलवान पुढे जाईचना. उजवा हात मागे ठेवून नुसता फिरत होता. मनगट धरू द्यायचा नाही, स्वतः धरायचा नाही. समोरचा पट काढायला आला की हा निसटायचा. दहा मिनिटं, पंधरा, वीस. लोक चुळबुळायला लागले. पंच मध्ये आले, कुस्ती बरोबरीत सोडवली. तेव्हा मी उभा राहिलो. मांडीवरचे कपडे मातीत पडले ते मला कळलंही नाही. मी ओरडलो, ‘नुरा! नुरा कुस्ती! अंगठा दाबला ह्येनं, म्या बघितलाय!’

माझा आवाज मोठा आहे, बाजारात कमावलेला. आणि सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं की त्याचा सगळ्यात जवळचा माणूस मी. मीच म्हणतोय म्हटल्यावर कोणाला शंका कशाला येईल? मागून दहा जण ओरडले, मग शंभर. मातीची ढेकळं आली, चपला आल्या. तो फडाच्या मधोमध उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग इनाम न घेता तो दोरीपर्यंत आला, वाकून आपले कपडे उचलले, झटकले आणि गर्दीतून निघून गेला.

मी वाट पाहिली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटत होतं की तो येईल, भांडेल, माझी गचांडी धरेल. मी ऐकून घेतलं असतं. महिना गेला, वर्ष गेलं, तो आला नाही. म्हणजे माझंच खरं, असा मी हिशेब लावला आणि माझा राग पक्का झाला. त्याने इतरांना फसवलं याचं मला फार नव्हतं. मला फसवलं, माझ्या मांडीवर कपडे ठेवून मला फसवलं, हे माझं दुखणं होतं. मग मी तो शब्द वापरत सुटलो. लंगडता बैल तेवढ्यापुरता नीट चालवून दाखवला कोणी, तर मी म्हणायचो, ‘ह्यो बी नुराच हाय, पालीच्या पैलवानावानी.’ लोक हसायचे. हळूहळू ‘पालीचा पैलवान’ मागे पडला आणि ‘नुरा’ राहिला. नुऱ्याचं घर, नुऱ्याची म्हस, नुऱ्याचं पिठलं. पालीत गडावर जाणाऱ्या ट्रेकवाल्यांना तो आणि त्याची बायको पिठलं-भाकरी द्यायला लागले होते. त्या बिचाऱ्या पुण्याच्या पोरांना ‘नुरा’ हे आडनावच वाटायचं.

एकदा कापूरहोळहून भोरला जाणाऱ्या एसटीत आम्ही शेजारी आलो. एकच जागा शिल्लक होती, ती त्याच्या बाजूची. मी उभा राहिलो. पाऊण तास दांडा धरून उभा राहिलो आणि तो खिडकीबाहेर पाहत राहिला. उतरताना तो एवढंच म्हणाला, ‘बसायचं व्हतंस.’

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक पोरगी दुकानात आली. एकोणीस-वीसची असेल. ट्रॅकसूट, केस बारीक कापलेले, डावा कान चुरगळलेला. कुस्ती खेळणाऱ्यांचा कान मी लांबून ओळखतो.

‘पेंड पायजे?’ मी विचारलं.

‘न्हाई. तुमीच पायजे,’ ती म्हणाली. ‘मी पालीच्या पैलवानाची मुलगी.’

मी वजनकाट्याकडे वळलो. ती गेली नाही.

‘काका, मी भोरला तालमीत असते. बाहेर चार ठिकाणी खेळून आले. आता गावच्या जत्रेत मुलींच्या कुस्त्या ठेवणार आहेत. माझी जोड लावायची म्हणत्यात.’

‘बरं मग? खेळ की.’

‘मागच्या वर्षी शेजारच्या गावात उतरले होते. नाव पुकारलं आणि मागून पोरं वरडली, नुऱ्याची आली, नुऱ्याची आली. मी जिंकले तर म्हणाले, ठरलेली होती. काका, आपल्याच गावात मला तसं उतरायचं न्हाई. तो शब्द तुमी दिलाय. तुमीच परत घ्या.’

माझं डोकं फिरलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. ‘शब्द काय पेंडीचं पोतं हाय व्हय, परत घ्यायला? म्या डोळ्यानं बघितलंय. जा, बापाला इचार.’

‘इचारलं,’ ती म्हणाली. ‘बाबा म्हणत्यात, त्येनं जे बघितलं ते खरंच व्हतं. त्येची चूक न्हाई.’

ती गेल्यावर मी एका गिऱ्हाइकाला दोनदा पेंड मोजून दिली आणि त्याने सांगितलं तेव्हा त्याच्यावरच खेकसलो. चोर असा का बोलेल? चोर म्हणेल, तो खोटारडा आहे. नाहीतर कबूल करून पाया पडेल. ‘त्येची चूक न्हाई’ हे कुठल्याच बाजारात बसत नव्हतं. त्या पोरीने सांगितलं होतं की शब्द गेला नाही तर ती गावात उतरणार नाही. जत्रा चैत्रात होती, आणि तिचं उतरणं न उतरणं माझ्या जिभेवर येऊन अडकलं होतं.

बायको म्हणाली, ‘जावा की एकदा. खातंय का कोण तुमाला?’

मी बहाणा शोधला. पैलवानाची दुसऱ्या वेताची म्हैस विकायची आहे असं कानावर आलं होतं. कमरेच्या दुखण्याने त्याला आता उतारावर गवत कापायला जमत नव्हतं. मी पिकअप काढली आणि पालीला गेलो.

तो गोठ्यात शेण भरत होता. मला पाहून त्याने घमेलं खाली ठेवलं. केस पिकलेले, छाती मात्र अजून तशीच. मी म्हणालो, ‘म्हस बघाय आलोय.’ तो म्हणाला, ‘बघ.’ बस, एवढंच. मी म्हशीचे दात पाहिले, कास पाहिली, चालवून पाहिली. चांगली होती. मी तोंड वाकडं केलं, ते सवयीनेच. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि उजवा हात पुढे केला.

बावीस वर्षांनी मी तो हात धरला. वर टॉवेल टाकला. त्याची बोटं धरून मी आकडा सांगितला. मुद्दाम फार कमी सांगितला, त्याने चिडावं म्हणून. मी हात जरा जोरात दाबला, आणि त्याच्या अंगठ्याने माझ्या हाताच्या पाठीवर पटकन दाब दिला. लगेच दुसऱ्यांदा.

मी चक्रावलो. ‘पटलं?’

‘काय पटलं?’ तो म्हणाला. ‘म्या अजून बोट हलवलं न्हाई.’

‘अंगठा दाबलास की.’

मी हात सोडला नव्हता. पुन्हा आवळला. अंगठा पुन्हा उडाला, जिवंत माशासारखा, आपला आपण. मग मी टॉवेल काढून टाकला आणि नुसता तो अंगठा हातात घेतला. बुडाशी, मनगटाच्या सांध्याजवळ, हाड एका बाजूला सरकून बसलेलं होतं. जरा दाबलं की आतली शीर घसरायची आणि अंगठा उसळी मारायचा.

‘कवापासून हाय ह्ये?’ मी विचारलं.

त्याने हात सोडवून घेतला आणि टॉवेल खांद्यावर टाकला. चुलीपाशी त्याची बायको भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, ‘त्या जत्रेच्या चार दिस आधीपासून. इचारा की आता भावजी. एवढ्या वर्सांनी पाय लागलेत तर सगळं इचारून घ्या.’

‘तू गप गं,’ पैलवान म्हणाला.

‘म्या लई गप बसले.’ तिने भाकरी तव्यावर टाकली, जरा जोरातच.

मी तिथेच गव्हाणीच्या कडेला बसलो. मग त्याने सांगितलं, तेही मी एकेक शब्द ओढून काढला तेव्हा. तालमीत जोर करताना अंगठा निखळला होता. वस्ताद म्हणाले, उतरू नको. पण शेवटची कुस्ती त्याची, गाव आमचं दोघांचं, मी बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगून ठेवलेलं. म्हणून तो उतरला. समोरच्याने सलामीलाच हात आवळला आणि त्याला कळलं की उजव्या हातात आता काही धरता येणार नाही. वीस मिनिटं तो एका हाताने लढला. उजवा हात समोरच्याच्या तावडीत जाऊ द्यायचा नाही आणि पाठ लावून घ्यायची नाही, एवढंच त्याने केलं.

‘तुज्यासाठी न्हाई काय उतरलो,’ तो म्हणाला. ‘माझी बी हौस व्हती.’

‘मग सांगायचं न्हाई का भडव्या!’ मी ओरडलो. म्हैस दचकली. ‘मी वाट बघत व्हतो! एक शब्द सांगितला असतास!’

‘काय सांगू? माजा अंगठा गेलाय म्हणून? दुसऱ्या जत्रंत हरेक पैलवानानं आधी त्योच धरला असता. मला अजून खेळायचं व्हतं. दोन वर्सं खेळलो त्याच्यावर, लांब जाऊन. नुरा म्हणत्यात तर म्हणू दे, अंगठ्याकडं तर कोण बघत न्हाई.’

‘मला एकट्याला सांगायचं.’

तो हसला. ‘तुज्या पोटात आकडा ऱ्हातो गड्या. राग न्हाई ऱ्हात. कोण मला नुरा म्हणालं असतं की तू तिथंच त्येची गचांडी धरून वरडला असतास, अंगठा मोडला व्हता त्येचा. झालं असतं सगळ्या खोऱ्यात.’

ते खरं होतं. ती वीस मिनिटं मी पहिल्या रांगेत बसून पाहिली होती. एका हाताने लढणारा माणूस माझ्यापासून पाच फुटांवर होता, आणि मी सलामीच्या त्या एका क्षणाखेरीज काहीच पाहिलं नव्हतं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड कुस्ती माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि ती मला दिसली नाही. हे मला अजून झोंबतं. आणि खरं सांगायचं तर त्याचाही राग गेलेला नाही. दोन वर्षं खेळून संपल्यावर तरी त्याने यायचं होतं. वीस वर्षं त्याने मला मूर्ख ठेवलं.

वहिनींनी ताटं वाढली. जेवण झाल्यावर मी म्हणालो, ‘म्हशीचा तुजा आकडा सांग. त्या आकड्याला नेतो.’

त्याने ताट सरकवलं आणि पहिल्यांदा त्या दिवशी त्याचा आवाज चढला. ‘दया करतूस व्हय माजी?’

‘दया कसली? पटली म्हस.’

‘तू आयुष्यात पहिल्या आकड्याला कुणाचं काय घेतलंस? मागाशी तोंड वाकडं करून बघत व्हतास. आता लगीच पटली? ह्यो नुरा सौदा मला नको. नीट घासाघीस कर, न्हाईतर म्हस सोडू नको.’

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग आम्ही पुन्हा गोठ्यात गेलो. टॉवेल नको म्हणाला तो, अंगठा ऐकत नाही. तेव्हा तोंडानेच सौदा केला, मोठ्याने, दोघेही. मी म्हशीची शेपूट आखूड आहे म्हणालो. तो म्हणाला तुझी अक्कल आखूड आहे. मी दोनदा उठून पिकअपपर्यंत गेलो. तो एकदाही मागे बोलवायला आला नाही. गडावरून उतरलेली ट्रेकवाली चार पोरं कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. त्यांना वाटलं, मारामारी होणार. शेवटी जिथे सौदा पटायचा तिथे तो पटला. मला जरा महाग पडली, त्याला जरा स्वस्त गेली, असं दोघांनाही वाटलं. म्हणजे चोख झाला.

पोरीला मी फोन केला. म्हणालो, ‘जोड लाव. उतर तू. बाकीचं मी बघतो.’

चैत्रात जत्रा आली. मी दरवर्षी एका कुस्तीचं इनाम देतो, त्यामुळे माईक मागितला तर निवेदकाने लगेच दिला. फड भरलेला होता. पैलवान दोरीजवळ बसला होता, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी काय बोलणार ते त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने बोलू दिलं नसतं.

मी म्हणालो, ‘मंडळी, ह्याच फडात मी एकदा एका पैलवानाला नुरा म्हणालो व्हतो. ती कुस्ती नुरा नव्हती. त्याचा हात मोडलेला व्हता आणि तो एका हातानं लढला. मी चुकलो. तो शब्द मी परत घेतो. आजपासून कोणी तो शब्द त्याला लावायचा न्हाई.’

मला वाटलं होतं, टाळ्या होतील. हलगीवाल्यांचे हात थांबले. मग मागून कोणीतरी ओरडलं, ‘शेठ, म्हस कितीला पडली?’

सगळा फड हसला. म्हैस माझ्याकडे आल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं; शब्द मी म्हशीच्या सौद्यात परत घेतलाय, असंच त्यांना वाटलं. दुसरा ओरडला, ‘अंगठा दाबला का न्हाई?’ आणि मग पोरांनी धरलं, ‘नुरा शेठ! नुरा शेठ!’

माईक माझ्या हातात होता. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. निवेदकाने माईक काढून घेतला. मी दोरी ओलांडून मागच्या रांगांकडे निघालो. पहिला ओरडणारा मला दिसला होता, त्याच्याकडेच चाललो होतो. तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं. डाव्या हाताने. त्या पकडीतून मी काय, कोणीच सुटलं नसतं.

‘बस,’ पैलवान म्हणाला.

‘सोड! त्येला आज...’

‘बस म्हणतो ना. पोरगी उतरतीय.’

मी बसलो. कान तापले होते. मागे ‘नुरा शेठ’ चालूच होतं. आणि मग निवेदकाने तिचं नाव पुकारलं. मागची पोरं कधी ओरडतात याची मी वाट पाहत होतो. पण ती पोरं माझ्याकडे पाहून खिदळत होती, माझ्या नावाने कोकलत होती. पैलवानाच्या पोरीचं नाव पुकारलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. ती मातीत आली, माती कपाळाला लावली, आणि कोणीही काहीही बोललं नाही.

पैलवान हळूच म्हणाला, ‘आता जरा गप ऱ्हा. कुस्ती संपस्तवर.’ मी राहिलो. पाच मिनिटं. त्याने किती वर्षं राहून दाखवलं होतं ते मी मोजायला लागलो आणि मधेच सोडून दिलं, कारण समोर कुस्ती लागली होती.

समोरची पोरगी सासवडकडची, अंगाने भरलेली. आमच्या पोरीने दोनदा पट काढला, एकदा तिला गुडघ्यावर आणलं. मला वाटलं, झालं. पण सासवडच्या पोरीने कंबर फिरवली आणि बाहेरची टांग मारली. आमची पोरगी हवेत गेली आणि दोन्ही खांदे साफ मातीला लागले. पंचाने हात वर केला. निकाली कुस्ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघींसाठी.

मी उठलो. ‘वजन बघा! चार किलोचा तरी फरक हाय! ही जोड लावलीच कुणी?’

पोरगी दोरीपाशी आली होती. केसांत माती, ओठ फुटलेला. हसत होती. बापाने तिचा खांदा धरला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते आणि तोही हसत होता, एवढा की मला काही समजेना.

‘काका, भांडू नका,’ ती म्हणाली. ‘काही खोट न्हाई, ठरलेली होती असं कोण म्हणालं न्हाई. पडले मी.’

जिंकलेला माणूसही आपण जिंकल्याचं इतक्या मोठ्याने सांगत नाही. मागे वळून तिने पुन्हा एकदा सांगितलं, बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘पडले मी!’ पैलवान तिची पाठ झाडायला लागला. फडात पुढची जोड आली होती, आणि मी अजूनही त्या वजनावरून पंचांशी भांडत होतो.